व्यवस्थापकांचा डावा हात

लग्नाची बोलणी करायला आलेल्या पाहुण्यांसमोर मुलीचे वडील उभे होते. त्यांच्या डाव्या हातावर मनगटापासून कोपरापर्यंत रिकाम्या कपबशा तोललेल्या होत्या आणि ओठांवरून नुकतंच एक वाक्य निसटलं होतं, "आणखी काही घेणार, साहेब?" आयुष्यभराच्या सवयीने होऊ घातलेल्या व्याह्यांना त्यांनी हे किंचित वाकून विचारलं होतं.

स्थळ सुचवताना मुलीच्या आत्याने भावाची ओळख 'उपाहारगृहाचे व्यवस्थापक' अशी करून दिली होती. आता तो शब्द भाड्याने आणलेल्या खुर्चीसारखा खोलीत उभा होता, घरातल्या कोणाचाच नसलेला. मुलगी खाली पाहत राहिली. तिला हा मुलगा मनापासून आवडला होता.

"व्यवस्थापकांचा हात फार सराईत आहे," मुलाची आई म्हणाली.

"मी वाढपी आहे," वडील म्हणाले.

"अरे, निदान वेटर तरी म्हण," आत्या कुजबुजली.

"वेटर म्हणजे वाट पाहणारा, ताई. मी वाढतो. तशी या नावाने हाक कोणी मारत नाही, गिऱ्हाईक नुसतं शुक शुक करतं. पण कोणी विचारलंच, तर मी हेच सांगतो."

मुलाच्या आईने नवऱ्याकडे पाहिलं.

"सुटले गं बाई. व्यवस्थापकांच्या तोलामोलाचं लग्न आम्हाला कसं झेपणार, या काळजीने झोप उडाली होती. ह्यांनी तर हा कोटसुद्धा थोरल्या भावजींचा मागून आणलाय."

"काखेत काचतोय मघापासून," मुलाचे वडील पुटपुटले आणि त्यांनी भराभर बटणं सोडली. "दादा पहिल्यापासूनच काटकुळा. आता अर्धा कप चहा चालेल मला. मघाच्याची चवच कळली नाही."

मुलगा हसला. मुलीने मान वर करून त्याच्याकडे पाहिलं. लग्नाचा दिवस कोणता धरायचा, यावर व्याही आणि विहीणबाई आपसांत वाद घालू लागले.

आत जाताना वडील बहिणीपाशी थांबले. कपबशा अजून हातावरच होत्या.

"ताई, उद्या कोणी विचारलं, भाऊ काय करतो, तर काय सांगशील?"

"सांगेन, वाढतो म्हणून," म्हणत आत्याने त्यांच्या कोपराजवळची एक कपबशी उचलून घेतली आणि ती स्वयंपाकघरात निघून गेली.