मागच्या हेल्मेटचा माइक

हेल्मेटमधल्या इंटरकॉमच्या वाऱ्याचा बंदोबस्त करावा तर मीच, अशी माझी ख्याती होती, आणि ती पसरवण्यात माझा स्वतःचा वाटा मोठा होता. पुढे चालवणारा आणि मागे बसणारा गाडी न थांबवता बोलू शकतात, म्हणून लोक हौसेनं हे यंत्र घेतात. मग गाडीनं वेग घेतला की हनुवटीखालून वारा घुसतो आणि कानाशी कुणी पोती झटकतंय असं वाटतं. कंपनीवाले माइकला नखाएवढा स्पंज लावून मोकळे होतात. माझं काम तिथून पुढे.

माइक ओठांच्या कोपऱ्याशी सरकवायचा, दुहेरी स्पंज लावायचा, हनुवटीखाली जाड कापडाचा पडदा शिवायचा. एवढ्यानं वारा मवाळ होतो. उरलेल्यासाठी गेट. म्हणजे ठराविक पातळीच्या खालचा आवाज आला की माइक बंद, वरचा आला की चालू. ही पातळी मी दुकानात पंख्यासमोर बसून, हेल्मेट घालून, ‘एक, दोन, तीन’ म्हणत ठरवायचो. माझा आवाज असा, की मी बोलायला लागलो की समोरचा चष्मेवाला दार लावून घेतो.

चाचणी रविवारी सकाळी, शहराबाहेरच्या सरळ रस्त्यावर. मी पुढे, बायको मागे. मागच्या माणसाला वारा उलटसुलट लागतो, म्हणून तिच्या गेटची पातळी मी दर आठवड्याला थोडी थोडी वर नेली. एका रविवारी कानात चिडीचूप. मी गाडीवरच म्हणालो, "जमलं!" तिनं हूं की चूं केलं नाही. दोन वर्षं राबून जमवलेली गोष्ट, आणि बाईसाहेबांना त्याचं काहीच नाही. मला राग आला.

पुढच्या रविवारीही ती गप्प, त्याच्या पुढच्याही. विचारायला काय झालं होतं मला? पण मी मानी. तिला बोलायचं नसेल तर माझंही काही अडत नाही, असं म्हणून मीही तोंडाला कुलूप लावलं, आधी गाडीवर आणि मग घरातही. वर्षभर आमचं बोलणं ‘दार लाव’ आणि ‘दूध संपलं’ यापलीकडे गेलं नाही. मग सात महिन्यांपूर्वी ती बॅग भरून भावाकडे निघून गेली. दारात म्हणाली, "एकटीनंच किती बोलायचं?" मला वाटलं, या उलट्या बोंबा.

तेव्हापासून घरात भांडं पडलं तरी बरं वाटतं. मी टीव्ही न बघता लावून ठेवतो आणि जेवताना त्यातल्या बातमीवाल्याशी भांडतो. रविवारी मागच्या सीटवर रिकामं हेल्मेट बांधून चाचणी करतो. बायको मला हवी आहे, हे मी कुणाजवळ बोललो नाही, तिच्याजवळ तर नाहीच.

गेल्या आठवड्यात एक शिक्षिका मी गेट लावून दिलेलं आपलं हेल्मेट घेऊन परत आली. म्हणाली, "माझं बोलणं यांना ऐकूच जात नाही."

"जरा मोठ्यानं बोला की," मी म्हणालो.

"मी अशीच बोलते," ती म्हणाली. आवाज हळू, पण स्वच्छ. माझ्या बायकोसारखाच.

चाचणीच्या वेळी यंत्र दोन रेकॉर्डिंग ठेवतं, एक गेटच्या आधीचं आणि एक नंतरचं. मी कायम नंतरचंच ऐकून स्वतःची पाठ थोपटली होती. शिक्षिका गेल्यावर आमच्या रविवारच्या चाचण्यांचं आधीचं रेकॉर्डिंग पहिल्यांदाच लावलं. वाऱ्याच्या घरघरीत बायको बोलत होती. "काय जमलं?" मग, "अहो, त्या घराला निळा रंग दिलाय बघा." मग, "पाय आखडलाय, जरा थांबू या?" मी थांबलो नव्हतो. पुढच्या रविवारी, "रागावलात का? माझं काही चुकलं का?" हे तिनं तीन वेळा विचारलं होतं. शेवटच्या पाच रविवारी मात्र नुसता वारा.

मी दुकानात एकटाच रडलो. मग तिला फोन लावला आणि स्पंज, पडदा, गेट, सगळं एका दमात सांगितलं.

"म्हणजे यंत्राला माझा आवाज वारा वाटला?" तिनं विचारलं.

"हो ना. तू बोलत होतीस, आणि माझ्यापर्यंत काही येतच नव्हतं. माझी चूक नव्हती गं."

ती नेहमीच्या हळू आवाजात म्हणाली, "आणि घरात? घरात कुठला वारा होता?"

तिनं लगेच फोन ठेवला नाही. माझ्या उत्तराची वाट बघत होती. मी शोधत राहिलो, आणि मग तिनं ठेवला.