हसकेल हजानाची चाल

हसकेल किहीमकर मिलमध्ये कापड तपासायचे आणि शनिवारी सिंधीपुऱ्यातल्या भाड्याच्या खोलीत प्रार्थना चालवायचे. बुऱ्हाणपुरात बेने इस्राएलांची, म्हणजे मराठी ज्यूंची, घरं मोजकीच, सगळी मिलची नाहीतर रेल्वेची. हसकेल त्यांचे हजान, प्रार्थना गाऊन म्हणणारे. शब्द हिब्रू, चाल मात्र वडिलांकडून आलेली, कीर्तनाच्या वळणाची. ते ओळ सोडायचे आणि मागून सगळी जमात ती उचलायची. अर्थ फारसा कुणाला कळत नसे, पण कुठे उचलायचं हे पोरांनासुद्धा पाठ होतं.

१९५० साली ते बायकोला, सरुबाईला, घेऊन इस्राएलला गेले. जमातीनं स्टेशनवर हार घातले, बायका रडल्या. दोन वर्षांनी दोघं परत आली. मिलनं पुन्हा घेतलं, पण खालच्या जागेवर. का परतलात विचारलं की हसकेल म्हणायचे, "हवा नाही मानवली."

दारफाळणीच्या सणाला, म्हणजे वर्षभराच्या पापांची माफी मागायच्या उपासाला, आठवडा उरला तेव्हा जमातीचे मुखिया रूबेन तळकर घरी आले.

"हसकेलभाऊ, यंदा तुम्हीच उभं राहायचं. पण तिकडच्या चालीत, बरं का. आपलं हे भजनासारखं किती दिवस चालवायचं? असली चीज ऐकू द्या लोकांना."

"मला तिकडची चाल येत नाही."

"दोन साल राहून?"

सरुबाई आतून म्हणाली, "सांगून टाका ना एकदा."

हसकेल म्हणाले, "पहिल्याच शनिवारी मी तिथं आपल्या चालीत म्हणायला लागलो. अर्ध्यात थांबवलं मला. तिथला मुख्य माणूस म्हणाला, हे कुठल्या देवळातलं गाणं? लोक हसले. त्यानंतर मी मागच्या बाकावर बसायचो. तोंड उघडलं नाही."

त्यांना वाटलं, रूबेन त्या लोकांवर चिडेल, निदान हळहळेल. रूबेननं टोपी नीट केली.

"मग ते काही उगाच म्हणाले असतील का? त्यांना जास्त कळणार."

सणाला रूबेनचा जावई दानिएल उभा राहिला. मुंबईत शिकलेला, आवाज चांगला. त्यानं नव्या चालीत ओळ सोडली आणि थांबला. कुणीच उचलली नाही. सगळे पुस्तकात बघत राहिले. पुढची ओळही त्यानं एकट्यानंच म्हटली. तिसऱ्या ओळीला बायकांच्या पडद्यामागून सरुबाईनं जुन्या चालीत सूर लावला, आणखी दोघी तिच्यात मिळाल्या.

"चूप! इज्जत घालवता का?" रूबेन ओरडला.

बायका गप्प झाल्या. दिवसभर दानिएल एकटाच गात होता. हसकेल जागचे हलले नाहीत.

घरी आल्यावर ते म्हणाले, "तिथं परक्यांनी गप्प केलं, ते सोसलं. आता मी नाही जाणार त्या खोलीत."

पुढच्या शनिवारी सकाळी दानिएल दारात आला.

"मामा, चला ना. नऊच जण झालेत. दहा पुरुष नसले तर प्रार्थना सुरूच करता येत नाही."

"गायला?"

दानिएलनं मान खाली घातली. "नाही. फक्त बसायला."

सरुबाई म्हणाली, "जाऊ नका."

बाकीच्या नऊ जणांची प्रार्थना आपल्यामुळे बुडावी, हे हसकेलच्यानं होईना. त्यांनी टोपी घातली. बदली होऊन अकरावा माणूस बुऱ्हाणपूरला येईपर्यंत, पुढची चार वर्षं, ते दर शनिवारी जाऊन भिंतीशी बसले आणि मोजले गेले.