काळं निघेपर्यंत

मित्रांनो, मी एक जुनी काशाची वाटी आहे. माझ्यात कोणी वरण वाढत नाही. मला उपडी धरतात आणि तूप लावून माणसांचे तळपाय घासतात. नर्मदाबाई सेनगावजवळच्या या गावात लग्न होऊन आल्या, तेव्हा मी त्यांच्या रुखवतात होते.

माझी करामत काय विचारता! दिवसभर हळद काढून आलेल्या बायांच्या तळपायांची नुसती आग व्हायची. मी टाचेपासून बोटांपर्यंत गोल गोल फिरले की ती निवायची. बाया बसल्या जागी पेंगायच्या. "या वाटीला तोड न्हाई गं माय!" म्हणायच्या, आणि मी फुगून जायचे.

घासता घासता तळवा काळा पडतो. लोक म्हणतात, अंगातली उष्णता निघाली. कसली डोंबलाची उष्णता! तूप आणि घाम लागला की माझाच काळा रंग सुटतो. पण वाटीला विचारतं कोण?

पुढे नर्मदाबाईंना शुगर झाली आणि त्यांचे पाय बधिर झाले, कोरडे पडले. घामच येईना, मग माझा काळा रंग सुटणार कुठून? मग रोज संध्याकाळी त्यांची सून ज्योती मला घेऊन बसू लागली.

"जोरानं घास की! कायच कळून न्हाई राहिलं."

"आत्याबाई, फोड आलाय. कातडं निघून राहिलं."

"काळं निघालं का? न्हाई ना? मग काहून थांबली? माहेरी हात चालवायला शिकवलं न्हाई व्हय?"

ज्योती रडत रडत घासत राहिली. फोड फुटला. रक्त तुपात मिसळून काळंच दिसलं. नर्मदाबाई खूश झाल्या. म्हणाल्या, "आता कशी निघाली उष्णता!"

जखम चिघळली. हिंगोलीला नेऊन पाय घोट्यापासून कापावा लागला.

आता भेटायला येईल त्याला नर्मदाबाई सांगतात, "सुनेनं मुद्दाम खरवडून माझा पाय घालवला." त्यांचा मुलगा विश्वंभर शेजारी बसून मान डोलावतो. अरे मेल्या, ती रडत होती तेव्हा तू तिथेच मोबाइल बघत लोळत होतास ना!

मित्रांनो, एवढं ऐका. दमलेल्या, जळजळणाऱ्या पायावर मला खुशाल फिरवा, पण हलक्या हातानं. ज्या पायाला काहीच कळत नाही, त्याच्यापासून मला लांब ठेवा. पाया पडते तुमच्या.

काल संध्याकाळी नर्मदाबाईंनी उरलेला पाय पुढे केला. "याला तरी नीट घास."

"नको आत्याबाई, हा पण जाईल," ज्योती म्हणाली.

विश्वंभर खेकसला, "आई काय सांगून राहिली, ऐकू येत न्हाई का?"

ज्योतीनं तुपाची बरणी जवळ ओढली आणि मला हातात घेतलं.