तिसरा मजला, बुटांसह

घर विकायला काढलं की विकायच्या आधीच ते आपलं राहत नाही, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. इंटरनेटवर फोटो चढले त्या दिवसापासून नारायण पेठेतल्या आमच्या तिसऱ्या मजल्यावर परकी माणसं चपलांसकट येऊ लागली आणि मला माझ्याच घराबद्दल नवी माहिती मिळू लागली. स्वयंपाकघर म्हणजे ‘कॉम्पॅक्ट’. त्याच्या खिडकीला टेकलेली शेजारची भिंत म्हणजे ‘प्रायव्हसी’. आणि लिफ्ट नसणं म्हणजे ‘फिटनेस-फ्रेंडली’.

ही सगळी बारशी सौरभने केली. सौरभ आमचा एजंट. गुणी मुलगा, खोटं बोलतानासुद्धा ‘काकू’ म्हणायला विसरत नाही.

विकण्याचं कारण ह्यांचे गुडघे. पाडव्याला हे श्रीखंडाचा चक्का आणायला खाली उतरले आणि परत येताना जिन्यातच बसले. शेजाऱ्यांनी खुर्चीत घालून वर आणलं. तेव्हापासून हे घरातच. खिडकीशी बसतात, चौकातल्या ओळखीच्यांना हात करतात. आधी खालून सगळे हात करायचे. हल्ली वर बघायचं कुणाच्या लक्षात राहत नाही. “एकदा स्वतःच्या पायांनी कोपऱ्यावर जाऊन चहा प्यायचाय,” एवढंच म्हणतात. म्हणून तळमजल्यावर घर घ्यायचं, आणि त्यासाठी हे विकायचं.

पहिलं गिऱ्हाईक आषाढात आलं. बाईंनी विचारलं, “जिन्याचा त्रास नाही ना होत?”

“होतो की,” मी म्हटलं. “म्हणून तर विकतोय.”

मंडळी चहाला थांबली नाहीत.

“काकू, एवढं ओपनली नसतं सांगायचं,” सौरभ म्हणाला.

“मग कसं सांगायचं?”

“नाहीच सांगायचं.”

त्याच आठवड्यात चातुर्मास लागला. दर वर्षी मी एखादा नेम धरते. यंदा मौन धरलं. सकाळच्या आंघोळीपासून दुपारचा नैवेद्य होईपर्यंत. कार्तिकात उद्यापनाला देवळात घंटा द्यायची. ही गोष्ट सौरभच्या कानावर गेली तेव्हा त्याच्या चेहऱ्यावर असं तेज आलं की मला वाटलं, मुलाला साक्षात्कार झाला.

“म्हणजे सकाळी लोक आले, तर तुम्ही काहीच बोलणार नाही?”

“नाही.”

“काकू, व्रतात पॉवर असते हां!”

त्या दिवसापासून सगळी गिऱ्हाइकं दुपारच्या आत. आजच्या पिढीत धर्माबद्दल इतकी आस्था मी पाहिली नव्हती.

मग मी गप्प बसून जग पाहिलं. एका बाईंनी आमचा फ्रीज उघडून आत काय आहे ते पाहिलं. फ्रीज विकायला नव्हता. एका गृहस्थांनी मोबाइलवर दिशा बघून सांगितलं, “देव या भिंतीला असतील तर या घरात माणूस टिकत नाही.” घर विकायला काढलेल्यांना हे सांगायला फार मोठी विद्या लागत नाही, पण मौन होतं.

एक गृहस्थ मात्र वेगळे. त्यांनी फ्रीज उघडला नाही, दिशा पाहिली नाही. मागच्या खिडकीत वारा खात उभे राहिले आणि शेवटी विचारलं, “शेवटचं किती?” मी त्यांना ओळखलं. तळमजल्यावरच्या निशाचे धाकटे दीर. गेल्या गणपतीत आमच्याकडे मोदक खाऊन गेले होते. जाताना त्यांची पावलं थेट निशाच्या दाराशी थांबलेली मी वरून ऐकली. निशाची माझी रोज गाठ पडते. ती मला जास्वंद देते, मी तिला तुळस. पण घराबद्दल तिने मला विचारलं नाही, मी तिला सांगितलं नाही. आमच्या इमारतीत एखादी गोष्ट जाणून घ्यायची असली तर सरळ विचारणं असभ्य समजतात.

श्रावण आला तरी घर जाईना. मग सौरभने कल्पना काढली. ह्यांच्यासाठी पांढरे शुभ्र स्पोर्ट्‌स शूज आणले. वॉकर बाथरूमच्या दारामागे लपवला आणि ह्यांना हॉलमध्ये खुर्चीत बसवून गळ्यात नॅपकिन घातला.

“काका, तुम्ही आत्ताच वॉकवरून आलात. फक्त घाम पुसायचा.”

“घाम नाहीये,” हे म्हणाले.

“येईल. माणसं आली की येईल.”

मला वाटलं हे नकार देतील. पण हे खाली वाकून बूट बघत राहिले. पाडव्यानंतर पहिल्यांदाच त्यांच्या पायात बाहेर जायचं काहीतरी होतं. त्यांचा तो चेहरा बघितला आणि मीही मौनात आणखी खोल गेले.

दुसऱ्याच सकाळी समाधान आणि चैताली आले. दोघं नोकरी करणारी, खडकीला भाड्याने राहणारी. घर त्यांना एका नजरेत पसंत पडलं. पण तिसरं माणूस यायचं होतं. ते बऱ्याच वेळाने दारात आलं. समाधानची आई, सुंदराबाई. एक हात कठड्यावर, दुसरा गुडघ्यावर. येऊन बसल्या आणि आधी पाणी प्यायल्या.

“आईंना जमेल ना रोज?” चैतालीने विचारलं.

“मॅडम, काकांकडे बघा!” सौरभने ह्यांच्याकडे हात केला. “या वयात रोज दोनदा खाली-वर. जिना हेच यांचं औषध.”

ह्यांनी घाम पुसला. या वेळी खरा होता.

“मग आजच टोकन देतो,” म्हणत समाधानने फोन काढला.

सुंदराबाई ह्यांच्या पायांकडे बघत होत्या. बुटांच्या तळव्यांना धुळीचा कणही नव्हता. त्यांनी माझ्याकडे वळून विचारलं, “बाई, खरंच चढतात का हो हे?”

“आजी, काकूंचं मौन आहे,” सौरभ घाईने म्हणाला.

“असू दे की. मान हलवायला कुठं बंदी आहे?”

मी ह्यांच्याकडे पाहिलं. टोकन घेतलं की ह्यांचा कोपऱ्यावरचा चहा नक्की होता. आणि या बाई ह्यांच्याच खिडकीत, ह्यांच्याच खुर्चीत येऊन बसणार होत्या. तोंड न उघडता खोटं बोलता येतं, हे मला कुठल्या पुराणात सापडलं नव्हतं. ते सौरभने शिकवलं.

मी उठले, बाथरूमच्या दारामागचा वॉकर काढला आणि ह्यांच्यासमोर आणून ठेवला.

सौरभने डोळे मिटले. मग हेच म्हणाले, “पाडव्यापासून खाली गेलो नाही, बाई. खिडकीतून हात करतो. आता कुणी वर बघत नाही.”

समाधानने फोन खिशात ठेवला. सुंदराबाई लेकाला म्हणाल्या, “ऐकलंस? चल. मी घाबरत घाबरत वर आलेय, खाली जायचं मला त्याहून भ्या वाटतंय.”

दारापर्यंत गेल्या आणि जिना बघून तिथेच थबकल्या.

“थांबा!” ह्यांचा आवाज इतका खणखणीत निघाला की मी दचकले. “दुखरा पाय आधी खाली टाकायचा. चढताना चांगला, उतरताना दुखरा. डॉक्टरांनी मला शिकवलंय, वापरायची वेळच आली नाही. हे असं बघा.” आणि दाखवायला म्हणून हे पहिली पायरी उतरले.

मग दुसरी. समाधान पुढे झाला, चैतालीने वॉकर घेतला. “आता दुखरा,” हे म्हणत. “दोन्हीपण दुखरेच हायेत,” सुंदराबाई म्हणत. “मग जो जास्त शिव्या देतो तो आधी!” हसत-कण्हत दोघं खाली पोचली. मी मागून हात जोडून.

रिक्षा येईपर्यंत समाधानने ह्यांना कोपऱ्यावर नेऊन आणलं. ह्यांनी चहा घेतला, स्वतःच्या पायांनी. परतल्यावर निशाच्या पायरीवर बसले आणि म्हणाले, “मी वर येणार नाही.”

निशा दार उघडून सगळं बघत होती. ती माझ्याजवळ आली. मौन असल्यामुळे मला मध्ये बोलता येईना, म्हणून पहिल्यांदाच ती शेवटपर्यंत बोलली.

“वहिनी, रागावू नका. भावजींना मीच पाठवलं होतं. खाली डास आहेत, गटाराचा वास आहे, येणारा-जाणारा खिडकीतून पत्ते विचारतो. मला वरचं घर हवंय हो! माझे गुडघे ठणठणीत आहेत. पण तुम्हाला तोंडावर कसं विचारायचं? तुम्ही खालचं घ्याल का?”

मी तिला हातानेच ‘थांब’ अशी खूण केली. तिसरा मजला चढून गेले, वरणभाताचा नैवेद्य दाखवला, घंटा वाजवली. मग खिडकीतून वाकून आयुष्यात पहिल्यांदा चौकाला ऐकू जाईल असं ओरडले, “निशा, चालेल!”

चौकातल्या सगळ्यांनी वर बघितलं.

सौरभ खालीच उभा होता. सावरायला त्याला वेळ लागला नाही. “म्हणजे टेक्निकली दोन डील झाली,” तो म्हणाला. “काका, बूट तेवढे द्या. येरवड्याला एक चौथा मजला आहे.”

ह्यांनी पाय उचलून तळवे दाखवले. चिखल, चहाचा डाग, चौकातला एक चुरगळलेला झेंडू.

“आता नाही चालायचे,” हे म्हणाले. “वापरलेत.”