त्याला कुणी अडवलंच नाही

ग्रेगोरी दलात्रला त्याच्या फुटबॉल क्लबने ऑगस्टपासून वाळीत टाकलं होतं. नवा प्रशिक्षक आला आणि त्याला मधल्या फळीत तेहतीस वर्षांचा माणूस नको झाला. पण करार दोन वर्षांचा बाकी होता, आणि तो मोडायचा तर चूक ग्रेगची हवी. म्हणून त्याला मागच्या मैदानावर एकट्याने पळायला लावायचं, कपडे बदलायला सामानाची खोली द्यायची, सगळे जेवून उठले की मग जेवायला बोलवायचं. तोंड दाबून बुक्क्यांचा मार, दुसरं काय! ग्रेग मात्र रोज साडेआठला हजर. एक दिवस चुकला असता तर त्यांना निमित्त मिळालं असतं, आणि या वयात हाकललेल्या खेळाडूला दुसरा क्लब दारातही उभं करत नाही. त्याला एकच हंगाम हवा होता, माणसांसमोर. सामानाच्या खोलीतून त्याला निवृत्त व्हायचं नव्हतं.

मे महिन्यात क्लबचा संचालक कार्पाँतिए त्या खोलीच्या दारात येऊन उभा राहिला.

“रविवारी तुम्ही राखीव संघातून खेळताय. हंगामातला शेवटचा सामना.”

“कुणाशी?”

“ओब्रीकूरशी. तुमचंच गाव ना?” कार्पाँतिए गोड हसला. “जमणार नसेल तर तसं लिहून द्या. मी समजू शकतो.”

ग्रेगलाही सगळं समजलं. लिहून दिलं की करारभंग. मुद्दाम वाईट खेळलं तरी करारभंग, कारण गोलामागे कॅमेरा लावलेला असणारच. आणि नीट खेळावं, तर ओब्रीकूरला आपल्या गटात टिकायला एक बरोबरी हवी होती. हरले की खालच्या गटात. राखीव संघाला जिंकून कवडीचाही फायदा नव्हता. इकडे आड, तिकडे विहीर, आणि तिथल्या मैदानाच्या कडेला तीस वर्षं बटाटे तळणारी त्याची आई.

त्याने आईला फोन केला.

“यावं लागतंय गं.”

“ये की. उपाशी ये म्हणजे झालं.”

“कोच काय म्हणतात?”

कोच म्हणजे रोजे व्हास्सर. सहा वर्षांच्या ग्रेगला त्यांनीच चेंडू थांबवायला शिकवलं होतं, आणि सत्तरी उलटली तरी ओब्रीकूरचा संघ अजून तेच सांभाळत होते.

“म्हणाला, त्याला सांग, नीट खेळ. आमची कीव केलीस तर नरडं धरीन. एवढं बोलून कोपऱ्यात जाऊन बसला. दोन दिवस जेवला नाहीये धड.”

ग्रेगला यातून सुटायची एकच वाट दिसत होती: कुणीतरी आपल्याला पाडावं. ओब्रीकूरची माणसं काही साधुसंत नव्हती. बचावात दामियाँ होता, पेशाने प्लंबर, ग्रेगचा शाळासोबती. त्याच्या तडाख्यातून कुणाचा घोटा धड सुटलेला गावाने पाहिला नव्हता. एक सणसणीत लाथ बसावी, लंगडत बाहेर जावं, की कॅमेऱ्याचंही काही म्हणणं उरणार नाही. रविवारी दुपारी तीनला तो या एका आशेवर मैदानात उतरला.

सगळा गाव आला होता. गावाजवळच्या कोळसाखाणीच्या काळ्या टेकडीवरसुद्धा लोक बसले होते. ग्रेगचं नाव पुकारलं तसा टाळ्यांचा कडकडाट झाला. पाहुण्या संघातल्या खेळाडूसाठी अशा टाळ्या कुणी वाजवतं का!

आणि खेळ सुरू झाल्यावर त्याला कुणी हातच लावेना. चेंडू त्याच्या पायाशी आला की समोरचा दोन पावलं मागे सरकायचा. एकाचा खांदा लागला तर तो चक्क “माफ कर” म्हणाला.

“अरे, अंगावर ये ना!” ग्रेग दामियाँला दातओठ खाऊन म्हणाला.

“तू पण ना, ग्रेग!” दामियाँ खो खो हसला आणि त्याच्या पाठीवर थाप मारून गेला.

मग ग्रेगने जे करता येण्यासारखं होतं ते केलं. आडवे पास, मागे पास, बिनचूक आणि निरुपद्रवी. त्यात कुणाला खोट काढता आली नसती. शून्य-शून्य. घड्याळ पुढे सरकत होतं, आणि शेवटच्या पाच मिनिटांत आपण सुटलो असं त्याला वाटायला लागलं.

सत्त्याऐंशीव्या मिनिटाला कुणाच्या तरी गुडघ्यावर आपटून चेंडू त्याच्यापुढे पडला. गोल वीस पावलांवर, गोलरक्षक जागा सोडून पुढे आलेला, मध्ये एकटा दामियाँ. ग्रेग क्षणभर थांबला. झेप घे, लेका, आता तरी घे. दामियाँ हात मागे बांधून उभा राहिला, ओळखीचं हसत. मागून राखीव संघातले ओरडले, “मार!” गोलामागे कॅमेरा त्याच्याकडेच बघत होता.

पाय आपोआप चालला, असं त्याला नंतर सांगता आलं असतं. पण ते खोटं होतं. त्या एका क्षणात त्याला ती सामानाची खोली दिसली, तिथला ओल्या जाळ्यांचा वास आठवला, आणि त्याने विचार करून मारला. चेंडू खालच्या कोपऱ्यात गेला. मैदान इतकं गप्प झालं की आईच्या कढईतलं तेल ऐकू आलं.

सामना संपल्यावर रोजे आले. “चांगला मारलास,” म्हणाले आणि डोळे पुसत आत निघून गेले. आईने कागदात बटाटे बांधून दिले. त्याला एकही गिळवेना. तेवढ्यात कार्पाँतिएचा फोन.

“पाहिलं. पक्के व्यावसायिक आहात. जुलैपासून मुख्य संघाबरोबर या.”

दहा महिने ज्यासाठी जीव टांगणीला लागला होता, ते मिळालं. ग्रेगने आभार मानून फोन ठेवला आणि त्याला स्वतःची शिसारी आली.

गावाने त्याच्याबरोबर फोटो काढायचे आधीच ठरवलं होतं, म्हणून लोक रांगेत उभे राहिले. कुणी शिवी दिली नाही. दिली असती तर त्याने पाय धरले असते. सगळ्यांत शेवटी चिखलाने माखलेला दामियाँ आला.

“मला वाटलं, तू मागे देशील चेंडू.”

“आणि मला वाटलं, तू मला आडवा पाडशील. दीड तास वाट बघत होतो, दामियाँ. एकदा तरी पाडायचंस ना मला!”

“तुला?” दामियाँ त्याच्याकडे बघतच राहिला. त्याला खरंच कळत नव्हतं. “तुला कसा पाडू? तू तर आमचा.”