बोरी अरबचा पहिला नंबर

यवतमाळच्या एका साप्ताहिकात दर उन्हाळ्यात मी एक लेख लिहिते. पुढच्या मोसमात जिल्ह्यातल्या शाळांचे खो-खोचे कोणते पाच संघ पुढे राहतील, याचा अंदाज. एरवी वर्षभर कॉलेजच्या ऑफिसात फायली सरकवते, पण हा लेख आला की लोक चहाच्या टपरीवर भांडतात, आणि मला ते फार आवडतं. मंजुषा मॅडमला खो-खोतलं काय कळतं, असं म्हणणारेही आधी लेख वाचतात आणि मग नाकं मुरडतात.

यंदा माझ्या डोक्यात बोरी अरब गावच्या शाळेतल्या मुली होत्या. हिवाळ्यात त्यांचा एक सामना पाहिला होता. सगळ्या नववीच्या, म्हणजे पुढच्या वर्षीही हाच संघ. पहिला नंबर यांचाच, असं मनाशी पक्कं करून, शाळेला आधी कळवून, मी एसटीनं त्यांचा सराव बघायला गेले.

आणि पाहते तर काय, पोरी नुसत्या ढिम्म. खो उशिरा देत होत्या, पळणारी हाताशी आली की थबकत होत्या. खेळ कच्चा असला की प्रत्येकीची चूक वेगळी असते. इथं सगळ्यांची चूक एकच, आणि दम कुणालाच लागत नव्हता. त्यात त्यांचे क्रीडाशिक्षक धावजी सर कडेला उभे राहून "छान, छान" म्हणत होते. चुकीला शाबासकी देणारा मास्तर मी पहिल्यांदाच पाहत होते. मला काही राहवेना.

"सर, हे काय चाललंय?"

"यंदा काई दम नाही पोरीयत, मॅडम. लेखात आमचं नाव नोका टाकू."

नाव टाका म्हणून लोक माझ्या घरी पेढे आणतात. नाव नको म्हणणारा हा पहिलाच भेटला. मी खोदून खोदून विचारलं, तेव्हा सर बोलले.

"मांगच्या साली तुमी आमाले तिसरा नंबर देल्ला. लेख वाचून मोठ्या शहरातल्या एका वसतिगृहवाल्या शाळेचे लोक आले, अन् चार पोरी घेऊन गेले. ह्या नव्यानं तयार करून राह्यलो. ह्याबी गेल्या तं मी काय करू?"

म्हणजे माझ्यासाठी हरण्याची तालीम चालली होती. मला हसू येत होतं आणि वाईटही वाटत होतं. नाव गाळायचं, असं मी ठरवूनही टाकलं.

तेवढ्यात कर्णधार निकितानं खांबाकडे सूर मारला. पळणारी खांबाला वळसा घालायच्या आत तिच्या पाठीवर हात पडला होता. असा सूर मी मोठ्यांच्या स्पर्धेतही क्वचित पाहिलाय. निकिता उठली, कोपराची माती न झटकता सरळ आमच्याकडे आली.

"काहून मारला?" सर हळूच म्हणाले. "काय ठरलं होतं आपलं?"

"मॅडमनं पाह्यलं पाह्यजे म्हून." ती मान खाली घालून बोलत होती, पण आवाज पक्का होता. "धाव्वीनंतर घरचे खेळू देनार नाही, सर. शाळाबी बंद म्हनतात. वसतिगृहात गेली तं शिकन बी अन् खेळन बी. मले न्यायले कोनी येत असन, तं येऊ द्या ना."

सरांनी गळ्यातली शिट्टी मुठीत धरली. मग त्यांनी विचारलं, "हे मले आंधी काहून नाही सांगतलं?"

"तुमाले वाईट वाटलं असतं."

सर माझ्याकडे वळले. "मॅडम, पहिला नंबर लिहा आमचा. हिचं नावबी टाका."

"सर, लिहिलं तर हा संघ तुमच्याकडे राहणार नाही. पहिला कसला, पाचवाही यायचा नाही."

"मालूम हाय मले," सर म्हणाले आणि मैदानाकडे चालू लागले. "चला पोरीयहो, आता खरं खेळून दाखवा मॅडमले."