खूण करा

प्रगती मैदानातल्या प्रदर्शनात गुडगावच्या कंपनीचा गौरव नवा ब्राउझर दाखवत होता. एकाच खिडकीत चार पानं उघडायची युक्ती आपल्याच डोक्यातून निघाली, असं तो परीक्षक वृंदाताईंना छातीठोकपणे सांगत होता. शेजारी उभ्या असलेल्या कृतिकाच्या अंगाचा तिळपापड झाला. नोएडाच्या दोन खोल्यांच्या ऑफिसात त्या युक्तीपायी तिने अख्खं वर्ष घातलं होतं. गौरव तेव्हा तिच्या शेजारच्या टेबलावर बसायचा.

"ही युक्ती माझी आहे," ती पुढे होऊन म्हणाली.

"तुमच्याकडे पुरावा काय?" वृंदाताईंनी तिला विचारलं.

कृतिकाने गौरवच्या हातातला माउस काढून घेतला आणि मेनू मराठीत केला. आवडलेलं पान लक्षात ठेवायच्या बटणावर 'खूण करा' असायला हवं होतं. तिथे लिहिलं होतं, 'खून करा'.

गौरव हसतच राहिला. मराठी मेनू त्याने कधी वाचलाच नव्हता, आताही वाचला नाही. वृंदाताई मात्र हसल्या नाहीत.

कृतिकाने पर्समधून आपल्या ब्राउझरची गेल्या वर्षीची फ्लॉपी काढली आणि शेजारच्या मशीनवर उघडली. तिथेही तेच बटण होतं, तेच दोन शब्द होते.

"दिल्लीत वाढले, ताई. न आणि ण मध्ये माझा अजून घोळ होतो," ती म्हणाली. "हा खून मीच केलाय. यांनी फक्त प्रेत उचललं."